मलावीसाठी विशेष अर्पण घेण्याआधी

आमच्या मंडळीतलं एक तरुण जोडपं पुढच्या वर्षी मलावीला निघालंय. ती स्टाफ नर्स, तो लॅब टेक्निशियन, दोघंही तिथल्या एका मिशन हॉस्पिटलमध्ये काम करणार. बातमी जाहीर झाल्यापासून उपासनेनंतरच्या चहाला दुसरा विषय नाही. कोणी म्हणतं विशेष अर्पण घ्या, कोणी म्हणतं हंगामाच्या सणाच्या लिलावाचे सगळे पैसे देऊन टाका. तरुण संघाला तर पंधरा दिवस तिकडे जाऊन ‘सेवा’ करून यायचीय. आणि एक काका दर रविवारी विचारतात, “आपल्याच चर्चचं छप्पर गळून राहिलं नं, मग आफ्रिकेत काहून पाठवता पैसे?”

काकांचा प्रश्न वाटतो तेवढा कद्रू नाही, आणि त्याचं उत्तर नागपुरातच आहे. १८४३ साली स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडली. पाळक कोणी नेमायचा यात जमीनदारांनी आणि सरकारने हात घालू नये, या मुद्द्यावर चारशेहून जास्त पाळक बाहेर पडले. घर, पगार, इमारत, सगळं मागे टाकून. त्यांच्या फ्री चर्चच्या कित्येक मंडळ्यांनी सुरुवातीला उघड्या माळावर उपासना केल्या. भारतातले स्कॉटिश मिशनरीही याच बिनछपराच्या चर्चकडे गेले. आणि स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले ते याच चर्चकडून. त्यांची शाळा, पुढे १८८३ साली त्यांच्या नावाने निघालेलं कॉलेज, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. याच चर्चने १८७५ मध्ये आजच्या मलावीत लिव्हिंगस्टोनिया मिशन सुरू केलं. म्हणजे आमचं जोडपं जिथे चाललंय, तिथलं चर्च आणि आपण एका अर्थाने एकाच घरची लेकरं. (हिस्लॉप दगडांचे, जीवाश्मांचेही वेडे होते. १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना ते बोरीजवळ ओढ्यात बुडाले. एका खनिजालाही त्यांचं नाव आहे.)

तेव्हा पैसे पाठवावेत का, यावर माझा वाद नाही. कसे पाठवावेत, यावर आहे. पावणेदोनशे वर्षं आपण घेणाऱ्यांच्या रांगेत उभे होतो. देणाऱ्याची कोणती सवय टोचते, हे आपल्याइतकं कोणाला कळणार? मग देणारे झाल्यावर त्याच सवयी आपण काहून उचलायच्या?

बंगालमध्ये काम केलेले इंग्रज मिशनरी विल्यम कॅरी, त्यांचंच घ्या. मराठी व्याकरण १८०५ मध्ये छापणारे तेच. १७९२ साली केटरिंगमध्ये त्यांची मिशनरी सोसायटी सुरू झाली तेव्हा कबूल झालेली रक्कम होती १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्स. सोसायटीचे सचिव अँड्र्यू फुलर यांच्या नावाशी एक कल्पना कायमची जोडली गेलीय: खोल विहिरीत कोणी उतरत असेल तर वरच्याने दोर सोडायचा नाही. फुलरनी तो १८१५ मध्ये मरेपर्यंत धरला. गावोगाव फिरले, पत्रं लिहिली, पैसे उभे केले. ते गेल्यावर सोसायटीच्या लंडनमधल्या नव्या कमिटीला बंगालमधल्या सेरामपूरच्या, म्हणजे कॅरींच्या मिशनच्या, मालमत्तेचा ताबा हवासा वाटू लागला. ती मालमत्ता बरीचशी मिशनऱ्यांनी स्वतः कमावलेल्या पैशातून उभी राहिली होती. कॅरी फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवून मिळणारा पगारही सामायिक खात्यात टाकत. भांडण चिघळलं आणि १८२७ मध्ये सोसायटी आणि सेरामपूर वेगळे झाले.

या सगळ्यात एक बाई कोणाला आठवत नाही. कॅरींची पहिली पत्नी डोरोथी. बंगालमध्ये तिचा लहानगा मुलगा पीटर गेला, त्यानंतर तिचं मन कायमचं बिघडलं ते १८०७ मध्ये मरेपर्यंत. छापखाना, भाषांतरं, कॉलेज यांचे अहवाल सगळे वाचतात. तिच्यासाठी कोणत्या कमिटीने ठराव केला?

म्हणून माझं म्हणणं असं आहे की प्रकल्पाला नको, माणसाला आधार द्या. तोही थोडा, नियमित आणि लांबचा. एका रविवारी झोळी भरून पाठवायची, मोठा फ्लेक्स लावायचा, आणि दुसऱ्या वर्षी पाळक बदलले की विषय बंद, असं नको. मिझोराममध्ये ‘बुहफाय थाम’ नावाची पद्धत आहे. घरची बाई स्वयंपाक करताना दरवेळी मूठभर तांदूळ बाजूला काढते, ते चर्चकडे जातात, विकले जातात आणि त्यातून मिशनरी पाठवले जातात. शंभर वर्षांहून अधिक काळ हे चाललंय. कोणी श्रीमंत दाता नाही, म्हणून कोणाची मर्जीही राखावी लागत नाही. महिला मंडळीची खजिनदार म्हणून सांगते, दर महिन्याला शंभर रुपये देणारी साठ घरं मला एका पाच लाखांच्या देणगीपेक्षा जवळची वाटतात. साठातलं एक घर रुसलं तर पगार अडत नाही.

पंधरा दिवसांच्या सहलीबद्दल तरुण संघ रागावेल, पण बोलतेच. ज्या हॉस्पिटलला नर्स हवीय, तिथे चिचेवा ही तिथली भाषा न येणारी, इंजेक्शन न देता येणारी दहा मुलं जाऊन काय करणार? भिंत रंगवतील. मलावीत रंगारी नाहीत का? विमानाच्या तिकिटांचा हिशेब मांडून पाहा, मग बोलू.

आता कायद्याची बाजू, कारण चहाच्या कपाबरोबर लोक काहीही ठरवतात. एफसीआरए हा परदेशी देणग्यांचा कायदा बाहेरून येणाऱ्या पैशासाठी आहे, आपला पैसा बाहेर जाणार आहे. त्यामुळे ‘परदेशी पैसा’ म्हणून ओरडणाऱ्यांना इथे काही सापडायचं नाही. पण चर्चचा ट्रस्ट धर्मादाय म्हणून करसवलत घेतो, आणि भारताबाहेर खर्च केलेल्या रकमेला ती सवलत सहसा लागू होत नाही, त्यासाठी वेगळी मंजुरी लागते. व्यक्तीला मात्र रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. ती सोय ट्रस्टला नाही. तेव्हा मंडळीच्या खात्यातून ‘मलावी फंड’ म्हणून रक्कम ढकलण्याआधी सीएकडे जा. मला विचाराल तर बराचसा आधार इथेच, रुपयांत द्यावा: जोडप्याच्या आईवडिलांचा आरोग्य विमा, जोडप्याच्या पीपीएफमध्ये दरवर्षी भर, परतल्यावर सहा महिन्यांचं घरभाडं. हेही सीएला दाखवूनच, पण दोर धरणं म्हणतात ते हेच.

तिकडच्या पैशाचं आणखी एक आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये मलावीच्या क्वाचाचं ४४ टक्के अवमूल्यन झालं. क्वाचात पगार घेणाऱ्या स्थानिक नर्सचं काय झालं असेल, तुम्हीच बघा. तिच्याच वॉर्डात आपली नर्स डॉलरवर जगणार असेल तर मैत्री कशी व्हायची? भारतीय पाळक व्ही. एस. अझारिया १९१० मध्ये एडिनबराच्या मिशनरी परिषदेत गोऱ्या मिशनऱ्यांना हेच म्हणाले होते: तुम्ही पुष्कळ दिलंत, आता आम्हाला मित्र द्या. त्याच्या पाच वर्षं आधी सेरामपूरला नॅशनल मिशनरी सोसायटी उभी करणाऱ्यांत तेही होते. माणसं भारतीय, पैसा भारतीय, कारभार भारतीय, असं त्या सोसायटीचं धोरण. आणि आपले रेव्हरंड ना. वा. टिळक १९१७ मध्ये मिशनच्या पगारी कामातून बाहेर पडले आणि ‘देवाचा दरबार’ मांडून बसले. पगार देणाऱ्याच्या चौकटीत काय काय मावत नाही, ते त्यांना ठाऊक होतं.

म्हणून त्या हॉस्पिटलला आणि तिथल्या चर्चला आधी पत्र लिहून विचारावं की तुम्हाला काय हवं. ते कदाचित म्हणतील पैसे नकोत, लॅबसाठी रिएजंट, म्हणजे तपासणीची रसायनं, हवीत. कदाचित म्हणतील आमची एक नर्स नागपुरात शिकायला घ्या. मग आपण काय करणार, ते ठरवून ठेवलेलं बरं.

येत्या रविवारी उपासनेनंतर पास्टरेट कमिटीची, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीची, बैठक आहे. मी तीन गोष्टी मांडणार: आधार किमान चार वर्षांचा, खर्चाचा हिशेब मागायचा पण कामाच्या पद्धतीत लुडबुड करायची नाही, आणि रुग्णांचे फोटो फेसबुकवर टाकायचे नाहीत, अर्पण वाढत असलं तरी. जोडप्यातल्या लॅब टेक्निशियनच्या आईला दर महिन्याला तपासणीला कोण नेणार, यासाठी एक वहीही फिरवणार आहे. काका, छपराचा विषय अजेंड्यावर दुसरा आहे, या नक्की.