मोठे टायर टाकले, आता ‘फक्त मागचं क्राऊन-पिनियन’ बदलू नका

सोलापुरातल्या फोर-बाय-फोरवाल्यांच्या मोबाईलवर सध्या एक सल्ला फिरतोय: मोठे टायर टाका, इंजिन कमी फिरेल, ॲव्हरेज वाढेल. चढ लागला तर फोर-लो (चारही चाकांना कमी वेग, जास्त जोर) आहेच. फारच वाटलं तर मागचं क्राऊन-पिनियन, म्हणजे डिफरन्शियलमधली चाकांना जोर देणारी गिअरची जोडी, बदला, पुढचं पैसे आल्यावर बघू. यातला शेवटचा भाग गाडी मोडणारा आहे, म्हणून आधी तोच घेतो.

पार्ट-टाइम गाडीत (एरवी दोनच चाकं ओढतात, बाकीची हवी तेव्हा जोडायची) फोर-व्हील लावलं की ट्रान्सफर केस, म्हणजे जोर पुढे-मागे वाटणारा गिअरचा डबा, पुढचा आणि मागचा प्रॉपेलर शाफ्ट (डिफरन्शियलपर्यंत जाणारा दांडा) एकमेकांना जखडते. दोन्ही एकाच वेगाने फिरणार. मागे ४.३० रेशो (चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या ४.३० फेऱ्या) आणि पुढे जुनंच ३.७३ असेल, तर पुढची चाकं मागच्यांपेक्षा सुमारे १५ टक्के जास्त फिरायला बघतात. रस्ता मात्र दोघांना सारखाच. पावसाळ्यात काळ्या रानात चाकं घसरून थोडा ताण सुटतो. कडक मुरमावर, डांबरावर तेवढीही सवलत नाही. ट्रान्सफर केसची चेन, गिअर, शाफ्टचा क्रॉस (सांधा), यातलं जे कच्चं असेल ते जातं. म्हणजे पुढचं बदलेपर्यंत फोर-व्हील लावायचंच नाही. मग ही गाडी घेतली कशाला? दोन्हींचे पैसे जमेपर्यंत एकही डिफरन्शियल खोलू नका.

आता ॲव्हरेज. २९ इंची टायरच्या जागी ३३ इंची आला की एका फेरीत गाडी जवळपास १४ टक्के जास्त पुढे जाते. इंजिनच्या फेऱ्या कमी होतात, हे खरं. पण चाक उंच आणि जड झालं, त्याचं काय? पुणे हायवेला समोरून वारा लागला की टॉप गिअरमध्ये गाडी दम टाकते, चौथा टाकावा लागतो, पाय आणखी दाबला जातो. त्यात मीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी ९१ ने पळत असते. किलोमीटरही कमीच मोजले जातात, त्यामुळे मीटर न सुधारता काढलेल्या ॲव्हरेजला काही अर्थ नाही.

फोर-लो दगड-चिखलासाठी आहे. तुळजापूर घाटाच्या कोरड्या डांबरी वळणांवर ते लावलं की पुन्हा तीच जखडलेली शाफ्टं. न लावता चढवलं तर मोठ्या टायरमुळे क्लचला वास येतो.

मोठ्या टायरला कोणता रेशो लागेल, याचा हिशेब सोपा आहे. जुना रेशो गुणिले नवा टायर, भागिले जुना टायर. ३.७३ ला ३३ ने गुणून २९ ने भागलं की ४.२४; जवळची जोडी ४.३०. ‘सरळ ४.८८ टाक’ म्हणणाऱ्यांनी दात मोजावेत. ३.७३ मध्ये क्राऊनला ४१ आणि पिनियनला ११, ४.८८ मध्ये ३९ आणि ८. डिफरन्शियल तेच, पण पिनियन बारीक, म्हणून कच्चं होतं. टायर इंचभरच वाढवला असेल तर काहीच बदलू नका.

आणि काम देताना बघा: मिस्त्री डायल गेजने बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) मोजतो का, दातांना रंग लावून ठसा कुठे उमटतो ते तपासतो का, त्याप्रमाणे शिम (पातळ चकत्या) कमी-जास्त करतो का. यातलं काही नसेल तर गाडी परत आणा. नवी जोडी सुरुवातीला हलकी चालवून गार होऊ द्या आणि साधारण ८०० किलोमीटरला तेल बदला, कारण दात एकमेकांवर बसताना निघालेला बारीक लोखंडी चुरा त्या तेलात असतो.