कंपनी वाचली म्हणजे शेअरहोल्डर वाचला असं नाही

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या चहाच्या गाड्यावर, रंकाळ्यावर सकाळी फिरताना, उद्यमनगरात दुपारच्या सुट्टीत, सध्या जिथं जाईन तिथं व्होडाफोन आयडियाचा विषय निघतो. "सरकार घुसलंय भावा, आता बुडत नाही." "कर्ज निम्मं गेलंय, एकोणीसचा भाव परत बघतोस का नाही सांग." मी शाहूपुरीत लोकांचे हिशेब लिहितो, रिटर्न भरतो. माझ्याकडं येणाऱ्या डीमॅट (शेअर खात्याच्या) स्टेटमेंटांत हा शेअर नाही असं स्टेटमेंट आता शोधावं लागतं. देशभरात या कंपनीचे किरकोळ भागधारक साठ लाखांच्या घरात आहेत. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय. लांब झालं तरी पूर्ण वाचा.

कंपनी जगणार का आणि आपल्याला पैसे मिळणार का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. चर्चेत ते एकच समजले जातात आणि तिथंच घात होतो.

आधी कर्जाचं बघू. "कर्ज कमी झालं" या तीन शब्दांत तीन वेगळ्या गोष्टी लपतात. कर्ज फेडलं, कर्जाचे शेअर करून दिले किंवा कर्जाची तारीख पुढं ढकलली. या कंपनीच्या बाबतीत तिन्ही झालंय, पण सगळ्यात लहान वाटा पहिल्या गोष्टीचा आहे. बँकांचं कर्ज कंपनीनं खरोखर फेडत आणलं. डिसेंबर २०२४ अखेर ते अडीच हजार कोटींच्या आत आलं होतं. त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण खरा डोंगर बँकांचा नव्हताच, तो सरकारी देण्यांचा आहे. स्पेक्ट्रमचे, म्हणजे सरकारकडून घेतलेल्या मोबाईल लहरींचे, हप्ते आणि एजीआर.

एजीआरचं (ॲडजस्टेड ग्रॉस रेव्हेन्यू, म्हणजे फी आकारण्यासाठी धरलेलं उत्पन्न) थोडक्यात सांगतो. १९९९ पासून टेलिकॉम कंपन्या उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा सरकारला लायसन्स फी म्हणून देतात. उत्पन्न म्हणजे नेमकं काय, त्यात भाडं, व्याज, डिव्हिडंड धरायचं का, यावर वर्षानुवर्षं खटला चालला. २४ ऑक्टोबर २०१९ ला सुप्रीम कोर्टानं सरकारच्या बाजूनं निकाल दिला. मूळ रकमेपेक्षा व्याज, दंड आणि दंडावरचं व्याज यांनीच आकडा फुगवला. त्याच्या आधी वर्षभर, ऑगस्ट २०१८ मध्ये, व्होडाफोन आणि आयडिया एकत्र झाल्या होत्या.

मग सरकारनं काय केलं? फेब्रुवारी २०२३ मध्ये १६,१३३ कोटींच्या व्याजाचे शेअर घेतले, दहा रुपये भावानं. एप्रिल २०२५ मध्ये स्पेक्ट्रमच्या ३६,९५० कोटींचे आणखी ३,६९५ कोटी शेअर घेतले, तेही दहानंच. सरकारचा हिस्सा जवळपास ४९ टक्के झाला. त्या वेळी बाजारात भाव सातच्या आसपास होता. दर्शनी किंमत दहा आणि त्याखाली नवे शेअर काढायला कायद्याची आडकाठी, म्हणून दहा. यात छोट्या भागधारकावर अन्याय झाला असं मी म्हणणार नाही. बाजारभावाला दिले असते तर आपला हिस्सा आणखी पातळ झाला असता. पण पातळ झालाच, हे विसरू नका.

आपल्या जिल्ह्यात शेअर म्हटलं की आधी साखर कारखान्याचा शेअर डोळ्यांसमोर येतो. तिथं नवे सभासद झाले म्हणून जुन्याचं काही कमी होत नाही. शेअर दर्शनी किमतीलाच राहतो आणि मत एकाला एकच. तीच सवय घेऊन बाजारातल्या शेअरकडं बघितलं की चुकतं. इथं नवा शेअर निघाला की कंपनीतली माझी मालकी कमी होते, मी एकही शेअर विकला नाही तरी.

आता आकडे बघा. २०१९ च्या राइट्स इश्यूनंतर (जुन्या भागधारकांना नवे शेअर देऊ करणं) या कंपनीचे शेअर होते सुमारे २,८७३ कोटी. त्यानंतर प्रवर्तकांना दिले, सरकारला दिले, एप्रिल २०२४ च्या एफपीओत (आधीच बाजारात असलेल्या कंपनीची नवी शेअरविक्री) ११ रुपयांनी १८,००० कोटींचे पब्लिकला दिले, पुढं सामान पुरवणाऱ्या कंपन्यांनाही थकबाकीपोटी दिले. एप्रिल २०२५ नंतर संख्या झाली सुमारे १०,८३४ कोटी. म्हणजे पावणेचार पट. २०१९ ला ज्याच्याकडं कंपनीचा चार पैसे हिस्सा होता त्याच्याकडं आज पैशाच्या वर जेमतेम काही उरलंय, आणि त्याच्या डीमॅटमध्ये शेअरची संख्या मात्र तीच दिसते.

म्हणूनच "एकोणीस परत येणार" हे वाक्य मला खटकतं. जून २०२४ मध्ये भाव १९ रुपये झाला तेव्हा शेअर होते साधारण ६,८०० कोटी. म्हणजे बाजार पूर्ण कंपनीची किंमत सुमारे १ लाख ३० हजार कोटी धरत होता. तीच किंमत आजच्या शेअरसंख्येला भागली तर भाव येतो बारा रुपये. थोडक्यात, बारा रुपये झाले की ते जुने एकोणीस आलेच. १९ चा आकडा पुन्हा स्क्रीनवर दिसायला कंपनीची किंमत दोन लाख कोटींच्या वर जावी लागेल. मधल्या काळात ३६,९५० कोटींचं देणं अंगावरून गेलं हे मान्य, तेवढी जास्त किंमत मागा. पण त्यानंही पंधरा-सोळाच्या आतच राहतो आपण.

"दहा-अकरा रुपयांना मिळतोय, स्वस्त आहे," हेही असंच. अकरा रुपये गुणिले १०,८३४ कोटी म्हणजे जवळपास १ लाख १९ हजार कोटी. एवढ्या किमतीची कंपनी स्वस्त की महाग हे तिच्या कमाईवरून ठरतं. तिच्यावर सरकारी देणं अजूनही दोन लाख कोटींच्या घरात आहे. भागाकार केला तर प्रत्येक शेअरमागं सुमारे अठरा रुपयांचं देणं. अकरा रुपयांचा शेअर घेताना हे अठरा आपल्या शेजारी उभे आहेत आणि पैसे वाटायची वेळ आली तर त्यांचा नंबर आपल्या आधी लागतो.

३१ डिसेंबर २०२५ ला मंत्रिमंडळानं एजीआरचं देणं ८७,६९५ कोटींवर गोठवलं आणि मुख्य परतफेड २०३१-३२ ते २०४०-४१ अशी पुढं नेली. ग्रुपवर लगेच फटाके वाजले, "माफ झालं!" माफ झालेलं नाही, थांबवलंय. बाजाराला हा फरक कळला. मोठी सूट मिळेल अशी आस लावून बसलेल्यांनी विकलं आणि शेअर त्याच दिवशी दहा टक्क्यांहून जास्त आपटला. कंपनीला श्वास घ्यायला वेळ मिळाला ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्या वेळात ती कमावणार काय?

इथं एअरटेलकडं बघावंच लागतं. त्यांनी २०२४ मध्ये २०१२, २०१५ आणि २०१६ च्या स्पेक्ट्रम लिलावांतली महाग व्याजाची देणी मुदतीआधी भरून टाकली. धंद्यातून आलेल्या रोख पैशातून. कर्ज कमी होणं म्हणतात ते हे. जानेवारी ते मार्च २०२५ या तिमाहीत एअरटेलला एका ग्राहकामागं महिन्याला २४५ रुपये मिळत होते, व्होडाफोन आयडियाला १७५. विलीनीकरणावेळी ४० कोटींहून जास्त असलेले ग्राहक २०२५ मध्ये २० कोटींच्या खाली आले. २०२४-२५ चा तोटा २७,३८३ कोटी. जुलै २०२४ मध्ये जिओ, एअरटेल आणि व्होडाफोन आयडिया या तिन्ही कंपन्यांनी दर वाढवले तेव्हा कितीतरी लोक बीएसएनएलकडं गेले. आपल्यातले किती गेले ते आठवून बघा.

आपल्या भागात या कंपनीबद्दल जिव्हाळा आहे, तो मी समजू शकतो. ९८२२ नं सुरू होणारा नंबर असलेली माणसं तो अजून मिरवतात, व्हिजिटिंग कार्डावर वीस-वीस वर्षं तोच आहे. खेड्यापाड्यांत पहिली रेंज आयडियाची आली. ही कंपनी टिकावी असं मला मनापासून वाटतं. बाजारात दोनच खासगी कंपन्या उरल्या तर रिचार्जचा दर कुठं जाईल याची कल्पनाच केलेली बरी. सरकारलाही तेच वाटतं म्हणून ते आत आलं. पण सरकारचा हेतू तिसरी कंपनी टिकवणं हा आहे. तुमची-माझी खरेदीची किंमत भरून देणं हा त्याचा हेतू कधीच नव्हता.

येस बँक आठवा. ऑगस्ट २०१८ मध्ये ४०० च्या आसपास असलेला शेअर. मार्च २०२० मध्ये स्टेट बँकेच्या पुढाकारानं बँक वाचवली, दहा रुपये भावानं नवे शेअर काढून. ठेवीदारांचा पैसा सुरक्षित राहिला, बँक आजही चालू आहे. शंभराहून जास्त शेअर असलेल्यांचे ७५ टक्के शेअर मात्र तीन वर्षं गोठवले गेले आणि जुना भाव काही परत आला नाही. बँक वाचली, भागधारक नाही. हे आपल्या डोळ्यांदेखत झालंय.

उद्यमनगरात एक मित्र जॉबवर्क करतो. परवा त्यानं मोबाईल पुढं केला. दोन हजार शेअर सोळाला, तीन हजार अकराला, पाच हजार साडेसातला. दहा हजार शेअर, सरासरी सव्वादहा. हे पैसे व्हीएमसी (धातू कापायचं कॉम्प्युटरवर चालणारं) मशीनच्या डाऊन पेमेंटसाठी बाजूला काढलेले. आज थोडा नफा दिसतोय म्हणून आणखी पाच हजार शेअर घ्यायचं चाललंय. "कर्ज गेलंय की, आता काय भ्यायचं?" एवढंच कारण. त्याला ना शेअरची संख्या माहीत होती, ना २०३१ नंतरचे हप्ते. माणूस हुशार आहे, मायक्रॉनमध्ये माप घेतो. टेलिग्रामवरच्या 'टार्गेट पंचवीस'वाल्यानं त्याला ही मापं कधी दिली नाहीत, कारण ती दिली तर त्याचं टार्गेट उभंच राहत नाही.

माझा आग्रह हा आहे की मुलांच्या फीचे, मशीनचे, उसाच्या बिलाचे पैसे यात घालू नका. बुडाले तरी घर हलणार नाही एवढेच ठेवा. घेतलेले असतील तर भाव तुमच्या सरासरी खरेदीच्या आसपास आलाय हीच संधी समजून निदान गरजेचे पैसे मोकळे करा.

आणि मत बदलायला मी तयार आहे. कंपनी २०२४ पासून बँकांकडं सुमारे २५ हजार कोटींचं कर्ज मागते आहे. बँकांनी ते दिलं, नेटवर्कवर खर्च झाला, सलग तीन-चार तिमाह्या ग्राहक घटायचे थांबले आणि नवे शेअर न काढता हप्ता भरला गेला, तर त्या दिवशी मी इथंच लिहीन की आता घ्यायला हरकत नाही. तिमाहीचा निकाल आला की भाव बघायच्या आधी ग्राहकसंख्येची ओळ आणि एकूण शेअरची ओळ बघा. वाचताना अडलं तर शाहूपुरीत संध्याकाळी सहानंतर मी असतो, कागद घेऊन या.