उशीर केल्याचा दाखला

भरपाई हवी असेल तर ज्या कारागृहाने उशिरा सोडले त्याच कारागृहाकडून ‘उशिरा सोडले’ असा दाखला आणावा, हा नियम ज्याच्या सुपीक डोक्यातून निघाला, त्याला एकदा तरी ठाण्याच्या दमट दुपारी त्या दाखल्याच्या रांगेत उभे करावे, एवढीच माझी नम्र मागणी आहे.

आमच्या सोसायटीखाली इस्त्रीची टपरी चालवणाऱ्या काकांच्या मुलाची शिक्षा नवरात्रात संपली. दंडही भरून झाला होता, परंतु दंड भरल्याचा कागद कुठल्याशा जावक नोंदवहीत अडकून पडला आणि मुलगा घरी आला तो दिवाळीच्या तोंडावर. भरपाईचा अर्ज घेऊन मी काकांसोबत गेलो, तेव्हा समोरच्या लिपिकाने छापील नमुन्यावर पेनाचे टोक आपटून दाखवले, की ‘सुटकेचा दिनांक’ असा एकच रकाना आहे. सुटका व्हायला हवी होती तो दिनांक लिहायला जागाच नाही. हेही एक वेळ सोसले असते. पण मग त्याने मान वर न करता विचारले, “काका, पोरगा आला ना घरी? मग आता कशाच्या मागे लागलाय?”

आला ना घरी! मालमत्ता कर भरायला उशीर होतो तेव्हा, ‘आला ना शेवटी पैसा’ असे म्हणून दरमहा 2 टक्क्यांची शास्ती कोणी सोडून दिल्याचे माझ्या ऐकिवात नाही. आमचा उशीर म्हणजे थकबाकी आणि यांचा उशीर म्हणजे कामकाज. त्या भरात मी टेबलावर हात आपटून व्यक्तिस्वातंत्र्याची हमी देणाऱ्या राज्यघटनेच्या अनुच्छेद 21 वर खणखणीत भाषण ठोकले. लिपिकाने ते शांतपणे ऐकून घेतले आणि ‘21 नंबरचा अर्ज आमच्याकडे नसतो, वरच्या मजल्यावर विचारा’ असे सांगितले. रांगेतले लोक हसले. काकाही हसले, याचे मला अधिक वाईट वाटले.

बरे, भांडून मिळणार तरी किती? रुदुल साह नावाचा बिहारचा कैदी 1968 मध्ये निर्दोष ठरला आणि तुरुंगातून बाहेर पडला 1982 मध्ये. सर्वोच्च न्यायालयाने, आणि तेही आपल्याच यशवंतराव चंद्रचूडांच्या खंडपीठाने, 1983 मध्ये त्याला सगळे मिळून 35,000 रुपये देवविले. गुजरातेत जामिनाच्या आदेशाची ईमेलसोबतची फाईल तुरुंगात उघडता आली नाही, म्हणून एक माणूस जवळजवळ 3 वर्षे जास्त आत राहिला. त्याला 1 लाख. उत्तर प्रदेशात आदेशात एका उपकलमाचा उल्लेख राहिला म्हणून अडवलेल्या माणसाला 28 दिवसांचे 5 लाख, आणि मध्य प्रदेशात साडेचार वर्षांहून अधिक काळ फुकट आत काढणाऱ्याला 25 लाख. हे दोन्ही आदेश 2025 चे. भाजीबाजारातही याहून स्थिर भाव असतो. अशा भरपाईसाठी स्वतंत्र कायदा आजही नाही, प्रत्येकाने नव्याने न्यायालयाची पायरी चढायची. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही विनाकारण अटकेच्या भरपाईची कमाल मर्यादा 1,000 रुपयेच ठेवलेली आहे. शिवाय जी रक्कम मिळते ती सरकारी तिजोरीतून, म्हणजे तुमच्या-माझ्याच खिशातून जाते. ज्याने कागद दाबून ठेवला त्याची पगारवाढ अबाधितच राहते.

आर्थर रोड तुरुंगाबाहेरच्या, जामिनाचे आदेश टाकायच्या पेटीत संध्याकाळच्या वेळेत कागद पडला नाही म्हणून 2021 मध्ये एका नटाच्या मुलाची एक रात्र आणखी आत गेली, तेव्हा समस्त वाहिन्यांनी गळा काढला होता. इस्त्रीवाल्याच्या मुलासाठी कॅमेरा कोण पाठवणार?

आता दोन्ही तारखा मी काकांच्या नावाने माहितीच्या अधिकारात मागितल्या आहेत. व्यक्तिस्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर त्या कायद्यानुसार 48 तासांत उत्तर द्यावे लागते. पण मुलगा बाहेर आलेला असल्यामुळे आम्हाला 30 दिवस थांबायचे आहे.