दत्तक गावातले दोन दिवस

एका महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेने दत्तक घेतलेल्या गावातल्या सात दिवसांच्या हिवाळी शिबिरात ‘मूलभूत कर्तव्ये’ या विषयावर बोलण्यासाठी मला बोलावले होते आणि खरे सांगायचे तर मी मनात अढी धरूनच गेलो होतो. दोन वर्षांत सेवेचे २४० तास आणि एक विशेष शिबिर पूर्ण केल्यावर मिळणारे प्रमाणपत्र, त्यासाठी घाईने भरलेल्या डायऱ्या आणि उद्घाटनाच्या पाहुण्यांच्या हाती फोटोपुरते दिलेले फावडे, एवढेच चित्र माझ्या डोळ्यांसमोर होते. गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत सुरू झालेल्या योजनेचे आता एवढेच उरले असावे, असे मी धरून चाललो होतो.

पहाटे साडेपाचला शिट्टी झाली. हजेरी, प्रार्थना, योगासने सगळे नेटके पार पडले. पण शिट्टी वाजवणारा समोर उभा असला की ओळ सरळ होतेच, त्याचे मला फारसे कौतुक वाटले नाही.

माझे मत पालटले ते ओढ्यावर. तिथे वनराई बंधारा घालण्याचे काम चालू होते. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू भरायची, दाभणात सुतळी ओवून त्यांचे तोंड शिवायचे, हातोहात पुढे देत वाहत्या पाण्यात थर रचायचे आणि फटींत चिकणमाती दाबायची. एक मुलगी दोन टाक्यांतच गोणी उरकून पुढे ढकलत होती. त्यातली एक पाण्यात ठेवताच उसवली आणि वाळू वाहून गेली. साखळीच्या टोकाला गुडघाभर गार पाण्यात उभा असलेला मुलगा काही बोलला नाही; त्याने ती रिकामी गोणी तेवढी परत पाठवली आणि ती वीस-पंचवीस हातांतून मागे येत तिच्यापर्यंत पोहोचली. पुढच्या गोणीला तिने सात टाके घातले. मी मोजले.

दुपारच्या सत्रात मूलभूत कर्तव्ये राज्यघटनेत आणणारी १९७६ची ४२वी घटनादुरुस्ती आणि ती कर्तव्ये सांगणारा अनुच्छेद ५१-क यांवरची माझी टिपणे मी बरीचशी बाजूला ठेवली आणि त्या गोणीवरच बोललो. आपली कुचराई कोणाच्या अंगावर पडते हे डोळ्यांना दिसले की शिस्त वेगळी शिकवावी लागत नाही, असे मला वाटते. एक गोष्ट मात्र खटकली, ती तिथेही बोलून दाखवली: फळ्यावरच्या पाळ्यांत स्वयंपाकाखाली सगळी नावे मुलींचीच होती.

संध्याकाळी पारावर एका आजोबांनी विचारले, “पोरं गेल्यावर ही माती खचली तर बघणार कोण?” मी तोच प्रश्न कार्यक्रम अधिकाऱ्यांना विचारला, तेव्हा दर पंधरवड्याच्या रविवारी दहा-दहा स्वयंसेवक येऊन डागडुजी करतील आणि ते तास त्याच २४०मध्ये धरले जातील, असे त्यांनी सांगितले. पहिल्या रविवारची तारीख मी लिहून घेतली आहे.