लिंबू पिळून जीवाणू मोजता येत नाहीत

‘विदेशी झाडांनी मारलेली माती ओळखा’ असा एक लांबलचक मेसेज सध्या शेतकऱ्यांच्या ग्रुपवर फिरतोय. आमच्या मामांनी तो वाचून बांधावरची निलगिरीची रांग तोडायचं आणि एकरी दहा पोती चुना टाकायचं पक्कं केलंय. रान काळं, पोटात चुनखडी. त्यामुळे हे लिहिणं आलं.

मेसेजमध्ये पाच कलमं आहेत. एक, निलगिरी, सुबाभूळ, सुरू, गिरिपुष्प ही विदेशी झाडं जमीन आम्ल करून जीवाणू मारतात. दोन, वड, पिंपळ, उंबर, कडुनिंब, चिंच ही देशी झाडं लावली की जमीन आपोआप सुधारते. तीन, शेंगा धरणारं प्रत्येक झाड जमिनीला नत्र देतं. चार, झाडाखालच्या चिमूटभर मातीवर लिंबू पिळा. फेस आला तर जीवाणू जिवंत, नाही आला तर मेले. पाच, मेले असतील तर झाडं तोडा आणि चुना टाका.

चौथ्या-पाचव्यापासून सुरुवात करतो, कारण खिशाला आणि रानाला खड्डा तिथेच पडणार आहे.

लिंबातलं आम्ल चुनखडीवर, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटवर पडलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो. फेस तो एवढाच. शहाबादी फरशीवर लिंबू पिळलं तरी बुडबुडे येतात, कारण ती फरशीही चुनखडकाचीच. जीवाणूही श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड सोडतात हे खरं, पण इतका सावकाश की तो मोजायला प्रयोगशाळेत माती बंद बरणीत ठेवतात, शेजारी अल्कलीचं भांडं ठेवतात आणि दिवसभर, कधी कधी कित्येक दिवस थांबतात. लिंबाच्या थेंबासरशी दिसणारा फेस त्यांचा नव्हे. खात्री करायची असेल तर चुनखडीची माती तव्यावर तासभर भाजा, गार करा आणि मग लिंबू पिळा. जीवाणू मेलेले, फेस तसाच.

उलट कोकणातल्या जांभ्या मातीत चुनखडी नसते आणि तिचा सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप; सात उदासीन, त्याखाली आम्ल) साधारण पाच ते सहाच्या आसपास असतो. तिथे उत्तम पोसलेल्या हापूसखालच्या मातीवर अख्खं लिंबू पिळलं तरी फेस येणार नाही. म्हणजे या चाचणीने रत्नागिरीची बाग मेलेली ठरते, आणि ज्या चुनखडीच्या रानात लोह न मिळाल्याने भुईमूग केवडा पडून पिवळा होतो ते रान मात्र जिवंत ठरतं.

मग मामांनी लिंबू पिळून पाहिलं तेव्हा निलगिरीच्या बांधावर फेस आला नाही आणि शेतात आला, असं का झालं असेल? चुनखडी वरच्या थरातून पावसाबरोबर विरघळून खाली उतरते. बांध कधी नांगरला जात नाही, त्यामुळे तिथला वरचा थर चुनखडीविना राहतो. शेतात मात्र नांगर खालचे खडे वर काढतो. निलगिरीऐवजी तिथे बोर असती तरी हेच दिसलं असतं.

आता चुना. कळीचा असो की विरवलेला, त्याच्या निवळीचा सामू बारापलीकडे जातो. काळ्या चुनखडीच्या जमिनीचा सामू आधीच आठच्या आसपास असतो. त्यात चुना पडला की लोह आणि जस्त पिकाला मिळेनासं होतं, स्फुरद कॅल्शियमशी बांधलं जातं, आणि वर टाकलेल्या युरियाचा नत्र अमोनिया होऊन हवेत उडतो. कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या असं दिसू लागलं की मग फेरस सल्फेटच्या फवारण्यांचा खर्च. चुन्याचा उपयोग आहे तो आम्ल जमिनीत. तिथेसुद्धा भट्टीचा चुना नको, चुनखडकाची बारीक भुकटी किंवा डोलोमाइट वापरायचं, आणि किती ते माती तपासून आलेल्या चुन्याच्या गरजेवरून ठरवायचं. ‘एकरी दहा पोती’ असा सरसकट आकडा कुणी सांगितला की त्याने माती पाहिलेली नाही एवढं नक्की समजावं.

पहिलं कलम. झाडांमुळे मातीचा सामू बदलतो, हे अर्धं खरं आहे. पण कशामुळे? याचं सर्वांत नेटकं उत्तर पोलंडमधून आलं. तिथल्या शेम्यानित्से प्रायोगिक जंगलात 1970-71 साली 14 जातींची झाडं एकाच जागी, शेजारी-शेजारी लावली होती. सुमारे तीस वर्षांनी पीटर राइश आणि सहकाऱ्यांनी त्यांच्याखालची माती तपासली आणि 2005 साली ‘इकॉलॉजी लेटर्स’मध्ये निष्कर्ष मांडले. ज्या जातींच्या पाल्यात कॅल्शियम जास्त, त्यांच्याखाली गांडुळं जास्त, सामू जास्त आणि पाचोळा लवकर कुजणारा. झाड कुठल्या देशाचं हा प्रश्न नव्हता, पाल्यात काय आहे हा होता.

जीवाणूंचं गणितही सामूवरूनच सुटतं. उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतल्या 98 ठिकाणच्या मातीचा अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. जीवाणूंची विविधता ठरवण्यात सर्वांत मोठा वाटा सामूचा निघाला: उदासीन मातीत सर्वांत जास्त, आम्ल मातीत कमी. सामू उतरला म्हणून जीवाणू ‘मरत’ नाहीत. एका जातीचे घटतात, आम्लात रमणारे वाढतात, आणि पाला कुजवण्यात बुरशीचा वाटा मोठा होतो. शिवाय पोलंडची ती जमीन वाळूसर होती. काळ्या मातीत चुनखडीचा साठा इतका असतो की एका पिढीतल्या निलगिरीच्या पाल्याने तिचा सामू सहज हलत नाही. जांभ्यात किंवा वाळूत हलू शकतो.

निलगिरीबद्दल कबूल करायचं ते करतो. तिचा पाला तेलकट, फिनॉलयुक्त आणि नत्राला गरीब असतो, त्यामुळे सावकाश कुजतो. तो कच्चाच मातीत गाडला तर कुजवणारे जीवाणू मातीतला नत्र ओढून घेतात आणि पीक पिवळं पडतं. म्हणून वर आच्छादन म्हणून ठेवा, किंवा गिरिपुष्पाच्या ओल्या पाल्याबरोबर थर देऊन कुजवा. लाकूड तोडून नेताना साल शेतातच सोलून पसरा. निलगिरीच्या सालीत भरपूर कॅल्शियम असतं, आणि दर तोडणीला ते गाडीत भरून गेलं तर हलक्या जमिनीत तूट येते. बांधालगतच्या ओळी खुरटतात त्या मुख्यतः पाणी आणि मुळांच्या स्पर्धेमुळे. कर्नाटकाने 2017 साली निलगिरीच्या नव्या लागवडीवर बंदी घातली तीही भूजलाच्या काळजीने. पण ज्याचा पाला हिरवळीचं खत म्हणून भाताच्या खाचरात घालतात त्या गिरिपुष्पाला याच यादीत बसवणाऱ्याने ते झाड बहुधा पाहिलेलंच नाही.

तिसरं कलम पहिल्याला खोडतं. सुबाभूळ शेंगा धरते, मग ती जीवाणू मारते की नत्र देते? आणि ‘शेंगा म्हणजे नत्र’ हेही चूक. चिंच, गुलमोहर, बहावा यांना शेंगा येतात, पण मुळांवर नत्र बांधणाऱ्या जीवाणूंच्या गाठी येत नाहीत. बाभूळ, खैर, शिरीष, करंज, पांगारा, हादगा यांना येतात. सुरूला शेंगा नाहीत, तरी फ्रँकिया नावाच्या जीवाणूमुळे गाठी येतात, आणि मेसेज त्यालाच खुनी ठरवतो. गाठ दिसली म्हणजे काम चाललंय असंही नाही. रोपवाटिकेत दोन-तीन महिन्यांचं रोप पिशवीतून काढा आणि गाठ नखाने कापा. आत गुलाबी-लालसर असेल तर नत्र बांधला जातोय. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. पिशवीत युरिया घालत असाल तर गाठी फारशा धरत नाहीत. आणखी एक: नत्र बांधणारी झाडं दाट असली तर जास्तीचा नत्र नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली जातो, जाताना कॅल्शियम-मॅग्नेशियम नेतो आणि वरची माती हळूहळू आम्ल होते. म्हणजे ‘चांगलं’ झाडही हे करतं.

दुसऱ्या कलमातली चिंच मूळची आफ्रिकेतली, ते असो. वडाच्या कुळापुरता मात्र एक खरा धागा आहे. याच कुळातल्या इरोको या आफ्रिकी वृक्षाखाली, आयव्हरी कोस्टच्या आम्ल मातीत, कॅल्शियम कार्बोनेट साठलेलं सापडलंय. झाड कॅल्शियम ऑक्झलेट तयार करतं, मातीतले जीवाणू ते खातात आणि मागे कार्बोनेट उरतं. पण म्हणून पिंपळ लावून पुढच्या खरिपात फरक दिसेल असं नाही, हा दशकांचा हिशेब आहे. कडुनिंबाची पेंड अमोनियाचं नायट्रेट करणाऱ्या जीवाणूंना मंदावते, म्हणून तर युरियाला निंबोळी तेल चोळतात. मेसेजच्या भाषेत तोही जीवाणूंवर घावच झाला.

झाडाने माती बदलली का हे पाहायचंच असेल तर पावसाआधी पाचोळा बाजूला सारून, खोड आणि फांद्यांच्या टोकाच्या मधोमध, आठ जागांची माती घ्या. 0 ते 5 सें.मी. आणि 5 ते 15 सें.मी. वेगळी ठेवा. तशीच आठ जागांची माती त्याच बांधावरून, झाडापासून निदान दुप्पट विस्तार दूर जाऊन घ्या. नांगरलेल्या शेतातली नको. सावलीत वाळवा, चाळा, एक भाग माती आणि अडीच भाग पाणी या प्रमाणात दोन्हींचा सामू एकाच दिवशी एकाच मीटरवर मोजून घ्या. रंगाची पट्टी नको, तिची चूकच फरकापेक्षा मोठी असते. दोन्हींत 0.3 पेक्षा कमी अंतर निघालं तर झाडाला दोष देऊ नका. आणि सामू 7.5 च्या वर निघाला तर चुन्याची ऑर्डर रद्द करा.