अनुभवी फ्रेशर पाहिजे

जाहिरातीत लिहिलेलं असतं, 'फ्रेशर्सना प्राधान्य'. लगेच खालच्या ओळीत, 'किमान दोन वर्षांचा अनुभव आवश्यक'. ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाने, एकाच बैठकीत, शुद्धीवर असताना लिहिली असतील यावर माझा अजून विश्वास बसत नाही. दोन वर्षं नोकरी करून फ्रेशर राहिलेला माणूस म्हणजे कोण? जो तिथे काहीच शिकला नाही तो?

असो. अर्ज करायला आपली ना नाही. 'रेझ्युमे अपलोड करा' म्हणतात, करते. पुढचं पान उघडतं आणि रेझ्युमेत लिहिलेलं सगळं पुन्हा विचारतं. काही रकाने आपोआप भरलेले असतात, ते तर जास्तच घातक. माझा रेझ्युमे दोन कॉलमचा होता. डावीकडे कौशल्यं आणि छंद, उजवीकडे शिक्षण. दिसायला देखणा. मशीनने तो डावीकडून उजवीकडे सरळ वाचत नेला. त्यामुळे मी 'टेबल टेनिस' या पदावर 'बी. एससी. प्रथम श्रेणी' नावाच्या संस्थेत कामाला असल्याचं दिसू लागलं. ते खोडून सगळं हाताने भरलं. मग आला 'सध्याचा पगार', शेजारी लाल चांदणी, म्हणजे रिकामा सोडायची सोय नाही. शून्य टाकलं. 'कृपया योग्य आकडा भरा.' अहो, शून्य हाच योग्य आकडा आहे! शेवटी एक टाकला. आयुष्यातली पहिली पगारवाढ मी अशी स्वतःच स्वतःला दिली.

जाणकारांना विचारलं तर म्हणाले, मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी एटीएस नावाच्या सॉफ्टवेअरच्या तावडीत सापडतो. ते रेझ्युमे फोडून नाव, शिक्षण, कौशल्यं वेगवेगळ्या रकान्यांत टाकतं आणि एचआरवाले त्यात हवे ते शब्द शोधतात. म्हणून एकच कॉलम ठेव, तक्ते नकोत, आणि जाहिरातीतले शब्द जसेच्या तसे वापर. मी वापरले. आता माझा रेझ्युमे वाचला की कंपनीने माझ्याकडे अर्ज केलाय असं वाटतं.

घरचे लोक धीर देतात, हा वेगळाच व्याप. मावशी फोनवर विचारते, "अगं, एवढी शिकलीस, मग अडतंय कुठं?" कुठं अडतंय ते मला कळलं असतं तर मावशीचा फोन उचलला नसता. बाबा मात्र थेट आइन्स्टाइन काढतात. १९०० साली झ्युरिकच्या पॉलिटेक्निकमधून बाहेर पडला, विद्यापीठात साहाय्यकाची जागा कोणी देईना, शिकवण्या केल्या, आणि १९०२ मध्ये बर्नच्या पेटंट कार्यालयात तिसऱ्या श्रेणीचा तांत्रिक तज्ज्ञ म्हणून चिकटला. बाबा गोष्ट इथे थांबवतात. पुढचं मी शोधून काढलं. त्या जागेसाठी मार्सेल ग्रोसमन या वर्गमित्राच्या वडिलांनी शब्द टाकला होता! म्हणजे आइन्स्टाइनलाही वशिला लागला. मग मीही वर्गातल्या एकेकाला फोन लावून "तुझे बाबा काय करतात रे?" विचारायला सुरुवात केली. सगळ्यांचे बाबा आपापल्या पोरांना आइन्स्टाइन सांगत होते.

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये मांडलेला एक मुद्दा मला फार पटला. नोकरीची खबर जिवलगांपेक्षा ओझरत्या ओळखीच्या माणसांकडून मिळण्याचा संभव जास्त, कारण जिवलगांना जे ठाऊक ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असतं. तेव्हापासून लिफ्टमध्ये भेटेल त्याच्याकडे पाहून मी हसते. नोकरी लागलेली नाही, पण हल्ली लोक जिन्याने जातात.

आणि मुलाखत! माझी समज अशी की मुलाखतीला निदान समोर एक माणूस लागतो. तर तसं काही नाही. दुवा येतो, कॅमेरा सुरू होतो, पडद्यावर प्रश्न उमटतो आणि कोपऱ्यात सेकंद उलटे धावू लागतात. समोर कोणीच नसतं, असतो तो आपलाच चेहरा. 'पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?' पाच वर्षांचं राहू द्या, मी त्या क्षणी स्वतःला पाहत होते आणि ते दृश्य काही उत्साहवर्धक नव्हतं. केसांची एक बट उभी. ती बसवण्यात वेळ संपला आणि 'उत्तर यशस्वीरीत्या जमा झाले' असा हिरवा संदेश आला. यशस्वीरीत्या!

नकाराचं मला काही वाटत नाही, खरंच. नकार हे उत्तर तरी आहे. कोणीतरी बटण दाबायची तसदी घेतलेली असते. चीड येते ती गप्प बसणाऱ्यांची. अर्ज तिकडे 'विचाराधीन' म्हणून पडून असतो आणि तीच जाहिरात 'तातडीने भरती' असं शीर्षक लावून पुन्हा येते.

अशाच एका मौनी कंपनीचा परवा मेल आला. धडधडत्या छातीने उघडला. 'आमच्या भरती प्रक्रियेबद्दल आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.' म्हटलं, चला, आता मनसोक्त लिहिते. बाह्या सरसावून दुव्यावर क्लिक केलं. तर आधी खातं उघडा म्हणे, आणि त्यासाठी रेझ्युमे अपलोड करा.