कणकेचा डबा ठेवा, तांब्या घ्या

‘भाजल्यावर पाणी ओतू नका, फोड येतात. हात 10 मिनिटं कणकेच्या डब्यात खुपसा, डागही राहत नाही. कणीक नसेल तर अंड्याचा पांढरा भाग, टूथपेस्ट किंवा बर्फ.’ सोलापुरात घरोघरच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज तो हाच.

पाण्यानं फोड येतात? भाकरीचं उकळतं आधण हातावर सांडलं की कातडीचे थर एकमेकांपासून सुटतात आणि त्या फटीत दुखावलेल्या रक्तवाहिन्यांतून झिरपलेला द्रव साठतो. फोड दिसायला वेळ लागतो, म्हणून आळ मधल्या पाण्यावर येतो. आधण पुसलं तरी उष्णता आत मुरलेली असते, खालचे थर भाजतच राहतात. ती काढायला गार पाण्याची धार 20 मिनिटं धरावी लागते. घड्याळ बघून धरा, कारण दोन मिनिटांत आग थांबल्यासारखी वाटते आणि हात बाजूला घेतला की पुन्हा भडकते. उशीर झाला असला तरी 3 तासांच्या आत हे उपयोगी पडतं.

आपल्याकडची अडचण वेगळीच. नळाला रोज पाणी नाही आणि मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी चटके देतं. सावलीतल्या पिंपातलं घ्या. तांब्यानं मिनिटाला लिटरभर बारीक धार धरली तर 20 लिटरची बादली पुरते. तेवढंही नसेल तर भाजलेला भाग पातेल्यात बुडवा, पाणी कोमट झालं की बदला. धार चालू असतानाच अंगठ्या, पाटल्या, जोडवी काढा. काचेच्या बांगड्या निघत नसतील तर जपून वाढवा; घरचे इथेच कचरतात, पण सूज चढली की बांगडी रुतते. चिकटलेलं कापड ओढू नका, भोवतीनं कापा.

कणीक उष्णता काढत नाही, वाकळीसारखी आत कोंडते. वर तिचा लगदा वाळून चिकटतो आणि दवाखान्यात तो खरवडल्याशिवाय जखम किती खोल आहे ते कळत नाही. हळदीनं तर रंगच झाकला जातो. डाग राहणार की नाही हे खोलीवर ठरतं, पिठावर नाही.

टूथपेस्टचा गारवा पुदिन्याच्या अर्काचा, नुसता भास. कच्च्या अंड्यातून जंतू जातात. बर्फानं रक्तवाहिन्या आकसतात, भाजलेली कातडी आणखी मरते.

डायिंगमधल्या, म्हणजे सूत-कापड रंगवण्याच्या कारखान्यातल्या कॉस्टिक सोड्यानं भाजण्याचा मेसेजमध्ये उल्लेखही नाही. भिजलेले कपडे लगेच उतरवा आणि अर्धा-पाऊण तास पाण्यानं धुवा. लिंबू किंवा ॲसिड ओतून ‘मारायला’ जाऊ नका, त्यातून उलट उष्णता निघते.

भाजलेला भाग रुग्णाच्या बोटांसकट तळव्यापेक्षा मोठा असेल, चेहरा, हात, पाय, सांधे किंवा गुप्तांग भाजलं असेल, कातडी पांढरी किंवा काळी पडून दुखतच नसेल, विजेचा किंवा रसायनाचा प्रकार असेल, तर 108 लावा. फोनवर बोलताना धार थांबवू नका.

झाकायला सोलापुरी टॉवेल नको. त्याचे फासे जखमेत अडकतात, कापसाचे तंतूही तसेच. धुतलेल्या जुन्या धोतराचा तुकडा सैल ठेवा. चादर बाकीच्या अंगाला गुंडाळा. लहान मूल एवढ्या पाण्यानं गारठतं.